पाठीमागच्या दोन खोल्या

नगरपरिषदेच्या नोटिसा वाटल्या त्या दिवशी आमच्या गल्लीत कोणाचीच भाजी वेळेवर शिजली नाही. जी ती आपला कागद घेऊन दुसरीच्या दारात. तुमचं किती आलं, आमचं किती आलं, तुमचं कमी कसं आलं. एरवी गळ्यातल्या पोतीचं वजन न सांगणाऱ्या बायका आपापल्या घराचे चौरस फूट मोठ्यानं वाचून दाखवत होत्या.

घरटॅक्सची नवी आकारणी झाली होती. मोजणीचं काम या वेळी बाहेरच्या एका कंपनीला दिलेलं. त्यांची पोरं दिवाळीनंतर गावभर फिरून गेली होती. जागा किती, भिंती मातीच्या की विटांच्या, वर टीन की स्लॅब, आत माणसं राहतात की धंदा चालतो, एवढ्यावर सगळा हिशेब. राहत्या घराला दर कमी, धंद्याच्या जागेला जास्त. समोरच्यांचं घर आमच्याएवढंच, स्लॅबही आमच्याच वर्षी पडलेला. तरी आमचा आकडा त्यांच्या जवळजवळ दुप्पट होता.

मी आधी माहेरी, जऊळक्याला, बाबांना फोन लावला. ते हसले. त्यांच्या ग्रामपंचायतीत गोठ्यासकट, दिवाबत्ती-पाणी धरून, याच्या चौथाईत भागतं म्हणाले. तुमचं शहर झालं म्हणता ना, मग शहरासारखं भरा. कामरगावच्या नणंदेनंही तेच ऐकवलं, वर तिच्या अंगणाचा मोठेपणा सांगितला. पण गावाची आणि नगरपरिषदेची तुलना करून मला काय मिळणार होतं? माझा प्रश्न समोरच्या घराशी होता.

उत्तर कागदाच्या मागच्या बाजूला होतं. तिथं घराचा लहानसा नकाशा छापला होता. पुढची खोली आमची, मधली आमची, स्वयंपाकघर आमचं. त्यामागे आणखी दोन चौकोन होते. त्या खोल्या आमच्या नव्हत्या. त्या भंवरीबाईंच्या होत्या.

भंवरीबाईंचं घर आमच्या पाठीला पाठ लावून आहे. त्यांचं तोंड बाजाराच्या रस्त्याकडे, आमचं मागच्या गल्लीत. त्यांच्या घराच्या पुढच्या भागात भांड्यांचं दुकान, ते आता त्यांचा मुलगा संयम बघतो. यजमान पन्नालालजी वारल्यापासून भंवरीबाई मागच्या दोन खोल्यांत असतात. एकीत त्यांचा पलंग आणि कपाट. दुसरीत दुकानाचा माल, स्टीलचे डबे, पितळेच्या परातींच्या थप्प्या. मधली भिंत सामाईक. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा त्या भिंतीपलीकडून फक्त भांड्यांचे आवाज यायचे.

मग आमची मुलगी भावी जन्मली. आणि सव्वा वर्षाची असताना तिला तापात झटका आला.

मी तेव्हा शाळेत होते; एका खाजगी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. नवरा हरीओम मानोऱ्याला कामावर. घरी एकट्या सासूबाई. त्यांना दिसतं कमी, गुडघे धरलेले. मुलगी डोळे फिरवून ताठ झाली तशी त्यांना काही सुचेना. त्यांनी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि मागच्या भिंतीवर आपटायला सुरुवात केली. भंवरीबाई तो आवाज ऐकून अनवाणी बाहेर पडल्या. बाजाराचा रस्ता, पुढचा चौक, मग आमची गल्ली, असा सगळा वळसा घालून त्या आल्या तोवर बराच वेळ गेला होता. त्यांनीच भावीला कुशीवर वळवलं, संयमला गाडी काढायला लावली, डॉक्टरकडे नेलं. मला फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या सासूबाईंना म्हणाल्या, "प्रयागबाई, भिंत मधात नसती तं मी दोन मिनिटात आली असती." आणि आठवडा व्हायच्या आत त्यांनी गवंडी बोलावून आपल्या बाजूनं भिंत फोडून घेतली. आमच्याकडे अशा गोष्टीवर बराच विचार झाला असता. वास्तूला चालेल का, लोक काय म्हणतील, परजातीच्या घराशी एवढा घरोबा कशाला. भंवरीबाईंनी फक्त विचारलं की पोपडे पडले तर तुमची चूल कशानं झाकून ठेवू. दार नाही, चौकट-पल्ला काही बसवला नाही. माणूस जाईल एवढं भगदाड, कडा सिमेंटनं सारख्या केलेल्या, वर एक जुना पडदा.

त्या वाटेमुळेच मी नोकरी चालू ठेवू शकले. डॉक्टर म्हणाले होते की असे झटके वाढत्या वयात थांबतात, पण थांबेपर्यंत लेकरू एकटं राहू देऊ नका. भावीला सकाळपासून दोन घरं असतात. इकडे आजी, तिकडे दादी. ताप आला की सासूबाई वरवंटा शोधत नाहीत, नुसती हाक मारतात. पडदा हलतो आणि भंवरीबाई आत आलेल्या असतात. मी शाळेतून दर तासाला फोन करते. त्या एकदाही कंटाळल्या नाहीत. "खेळून राह्यली, सपना, तू शिकव" एवढं सांगून ठेवतात.

तर त्या दोन खोल्या आमच्या नकाशात कशा आल्या, हे मी सासूबाईंना विचारलं.

त्यांनी सांगितलं ते असं. मोजणीची दोन पोरं गल्लीच्या बाजूनं आली. हातातल्या यंत्राचा लाल ठिपका या भिंतीवरून त्या भिंतीवर टाकत स्वयंपाकघरापर्यंत गेली, पडदा बाजूला करून पुढे गेली. तिकडे भंवरीबाई सामायिकाला बसलेल्या. सामायिक म्हणजे जैन घरांतली रोजची बैठक: आसन टाकून, तोंडाला मुहपत्ती बांधून पाऊण तासभर बसायचं, तेवढ्या वेळात संसाराचं काही करायचं नाही, बोलायचं नाही. दुकानाचा गलका येऊ नये म्हणून त्या वेळी त्या पुढचं दार आतून लावून घेतात. पोरांनी विचारलं, या खोल्या कोणाच्या? भंवरीबाई बोलल्या नाहीत. शेजारी तिचं लहानसं आसन टाकून भावी बसली होती. ती म्हणाली, "आमच्या." पुढचं दार बंद, मागे सलग घर, मध्ये पडदा. पोरांनी दोन्ही खोल्या आमच्यात धरल्या आणि मोबाईलवर सासूबाईंची बोटानं सही घेतली. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या बाजूनं दुकान मोजलं तेव्हा त्या खोल्या आधीच मोजून झालेल्या होत्या, म्हणून त्यांनी मोजणी दुकानापाशीच थांबवली.

म्हणजे चूक कोणाची म्हणावी हेही कळेना. सगळे आपापल्या जागी नेहमीसारखे होते.

सासूबाईंना मात्र ही चूक वाटतच नव्हती. त्या कागद डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पुन्हा बघत होत्या. "दोन खोल्या चढल्या आपल्या नावावर. गुपचूप टॅक्स भरा न. पावत्या राहू द्या जपून. पंधरा वर्सं पावती ज्याची, घर त्याचं."

मी समजावलं की टॅक्सची पावती म्हणजे मालकी नाही, खरेदीखत वेगळं असतं. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. त्यांच्या माहेरी, मानोऱ्याकडच्या गावात, म्हणे अशाच एका पावतीवरून चुलत्याचा अर्धा वाडगा, म्हणजे घरालगतचं कुंपणाचं आवार, गेला होता. "तू शिकली असशीन, मी पाह्यलं हाये," त्या म्हणाल्या. त्यांच्या मनात वाईट होतं असं मी म्हणणार नाही. भंवरीबाईंसाठी त्या तिळाची चटणी वेगळी काढून ठेवतात, लसूण-कांदा न घालता. पण जागा ही गोष्ट त्यांच्या मनात माणसांच्या पलीकडच्या खणात असते.

हरीओमनं नगरपरिषदेत जाऊन चौकशी केली. हरकत घ्यायला मुदत होती, त्यानंतर सुनावणी. खिडकीवरच्या बाबूनं सोपा उपाय सांगितला: मधलं भगदाड विटांनी बुजवून टाका, फोटो काढा, अर्जाला जोडा. दोन घरं वेगळी दिसली की प्रश्नच मिटला. हरीओम घरी येऊन म्हणाला, "महिनाभरापुरतं बुजवू. मंग पाहू."

"महिनाभरात ताप आला तं?" मी विचारलं. त्यालाही माहीत होतं की एकदा लावलेली वीट कोणी महिनाभरानं काढत नाही.

दरम्यान संयमचीही नोटीस आली होती आणि त्याच्या लक्षात आलं होतं. तो संध्याकाळी दुकान वाढवून आमच्याकडे आला, सरळ गल्लीतून, बूट काढून. संयम माणूस नीट आहे. त्यानं आडपडदा ठेवला नाही. त्या खोल्या त्याच्या नावावर गेल्या तर मालाची खोली गोदाम म्हणून लागेल, धंद्याचा दर बसेल. आमच्याकडे त्याच खोल्या राहतं घर म्हणून लागल्या आहेत, तर तशाच राहू द्या. जास्तीचा टॅक्स दर वर्षी तो आमच्या हातात आणून देईल. "दोघाचंबी नुसकान नाई वैनी. माँले काही सांगू नका, तिचं डोकं वेगळं चालते."

मी विचार करून सांगते म्हणाले आणि मग रोज विचारच करत राहिले. हरकत घेतली तर संयमचा टॅक्स माझ्यामुळे वाढणार. तो काही बोलणार नाही, पण मधल्या वाटेकडे बघायची त्याची नजर बदलेल, आणि खोली शेवटी त्याचीच. हरकत नाही घेतली तर सासूबाई पावत्या जपणार. मी पुढची वीस वर्षं डोळ्यासमोर आणून बघायची: आम्ही सगळे म्हातारे, भावीच्या आणि संयमच्या मुलांच्या हातात पावत्या, कोर्टाच्या पायऱ्या. बाबूचं ऐकलं तर भिंत आजच उभी. तिन्ही बाजूंनी गेलं तरी शेवटी मला विटाच दिसत होत्या. भंवरीबाईंकडे भावीला सोडताना मी त्यांच्या चेहऱ्यावर काही वाचायचा प्रयत्न करायची. त्या तिच्या केसांना तेल लावत असायच्या. त्यांना काही माहीत नव्हतं.

कळलं ते सासूबाईंमुळे. पोटात काही ठेवणं त्यांना जमत नाही, आणि थट्टेची संधी तर त्या सोडतच नाहीत. रविवार होता, दोघी पडद्याच्या अल्याडपल्याड बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी कपडे वाळत घालत होते.

"भंवरीबाई," सासूबाई म्हणाल्या, "आता तुमी आमच्या भाडेकरू बरं का. महिना पयले भरा, मंग शेंगा फोडा."

भंवरीबाई हसल्या. "किती घेता भाडं?"

"मस्करी नाई. नगरपरिषदेनं लिहून देल्लं. या दोन्ही खोल्या आमच्या."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. भंवरीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही, पण घालायला हवी होती असं वाटलं. मग मी आत जाऊन नोटीस आणली आणि त्यांना सगळं सांगितलं. नकाशा, बाबूच्या विटा. संयम येऊन गेला तेही सांगितलं. लपवून उपयोग नव्हता. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. त्यांच्या बोटांतून शेंगा मात्र सोलल्या जात होत्या.

"टॅक्स भरला काय तुमी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग काही बिघडलं नाई." त्या उठल्या, पदरातले दाणे सुपात टाकले. "अर्ज लिही तू. माह्याबी नावाचा एक लिही, माह्या खोल्या सुटल्या म्हनून. दोन्ही संगं देऊ."

"संयमदादाला..."

"संयम माह्या पोटचा हाये. त्याले मी पाहतो."

सासूबाई सुपातले दाणे निवडत राहिल्या. थोड्या वेळानं पुटपुटल्या, "मी तं मस्करी केली होती." पण त्या दिवशी त्यांनी चहात साखर जास्त घातली.

संयमशी त्या काय बोलल्या मला माहीत नाही. भांड्यांच्या खोलीतून आवाज येत होते, चढलेले नव्हते. अर्ज द्यायला त्यानंच आम्हाला गाडीत बसवून नेलं. रस्ताभर भंवरीबाई खिडकीतून बाजार बघत होत्या.

सुनावणी नगरपरिषदेच्या सभागृहात होती. खुर्च्या कमी, माणसं जास्त. भावी माझ्या मांडीवर. आमच्या आधी एक म्हातारा साहेबांशी भांडत होता, त्याचा गोठा खोली म्हणून लागला होता. बैल काय टॅक्स भरन काय, असं तो तीनदा विचारून गेला. साहेब दमलेले दिसत होते, पण ऐकून घेत होते. आमचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा वर केला. टॅक्स कमी करा म्हणणारे दिवसभर आले होते. वाढवा म्हणणारा अर्ज त्यांनी दोनदा वाचला.

मी तयारी करून गेले होते. घराचं खरेदीखत, जुन्या पावत्या, फोटो. बोलायला लागले तर कागदांचा क्रमच चुकला. भंवरीबाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि त्या उभ्या राहिल्या.

साहेबांनी विचारलं, "आजी, मोजणीवाले आले तेव्हा तुम्ही तिथेच बसला होता असं लिहिलंय. मग खोली माझी आहे असं सांगितलं का नाही?"

"सामायिकात होती साहेब. त्यात बसलं का घर, दुकान, सोनंनाणं, सारं तेवढ्यापुरतं सोडलेलं राह्यते. त्या वक्ताले माहं घर म्हटलं असतं तं ते झूठ झालं असतं."

सभागृहात कोणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "आणि आता?"

"आता उठली मी. आता माह्यंच हाये. लिहून घ्या." त्यांनी भावीकडे बोट केलं. "या लेकरानं आमचं म्हटलं, तेबी खरं हाये. पन टॅक्स लेकरू नाई भरत."

साहेबांनी लिहायला घेतलं. दोन खोल्या, राहत्या. तेवढ्यात भंवरीबाई म्हणाल्या, "एकच राहती. दुसरीत दुकानाचे भांडे राह्यते. ते गोदाम लिहा."

संयम शेजारी उभा होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

"ते कोणी विचारलं नव्हतं आजी," साहेब म्हणाले.

"तुमी नाई विचारलं. मी सांगतलं."

मी त्यांच्याकडे खालून बघत होते. फिकी सुती साडी, डोक्यावर पदर, पायात रबरी चप्पल. मी किती दिवस या एका गोष्टीभोवती फिरत होते, किती माणसांच्या मनात शिरून बघत होते. त्यांनी ती विळीवरच्या दोडक्यासारखी सरळ चिरून ठेवली, आणि तीही स्वतःच्या तोट्याच्या बाजूनं. मला वाटलं, एवढं सोपं असणं माझ्या लेकीला कोणाकडून तरी शिकायला मिळालं तर ते इथूनच मिळेल.

पण साहेब थांबले होते. पेन नकाशावरच्या त्या भगदाडावर टेकवून ते म्हणाले की अडचण ही आहे. दोन करदाते, दोन मिळकती, आणि मध्ये उघडी भिंत. असं त्यांना लिहिता येत नाही. उद्या कोणीही येऊन पुन्हा एकच घर म्हणून मोजेल. हे बुजवून घ्या, फोटो द्या, दुरुस्ती करून देतो.

मला जे ऐकायचं नव्हतं ते मी ऐकलं. भावीला घट्ट धरलं गेलं बहुतेक, कारण ती कुरकुरली.

भंवरीबाईंनी विचारलं, "साहेब, दार असलं का घर एक होते काय?"

"आतून वाट असली की एकच धरतात."

"माह्या घराले पुढूनबी दार हाये. सकाळपासून सारा बाजार त्याच्यातून येते, परात घेते, गंज-पातेलं घेते, जाते. मंग तो बाजारबी माह्या नावावर लावा."

या वेळी साहेबही हसले. गोठ्यावाला म्हातारा अजून दाराशी रेंगाळत होता, तो म्हणाला, "लावा, लावा, अन् माहा बैलबी त्यांच्याच नावावर लावा." हशा ओसरल्यावर साहेबांनी चष्मा पुसला. म्हणाले, बाजाराच्या बाजूचं दार बंद करता येतं, म्हणून ते दार. हे नुसतं भोक आहे. चौकट बसवा, पल्ला बसवा, बंद होईल असं दार करा. दार असेल तर दोन घरं म्हणून लिहायला मला हरकत नाही. माणूस पाठवतो बघायला.

बाहेर आल्यावर मी भंवरीबाईंना वाकून नमस्कार केला. भर आवारात. त्यांना ते आवडलं नाही. "उठ, पोट्टीले भूक लागली," म्हणाल्या.

सुतार दोन दिवसांनी आला. सागाची नाही, साधीच चौकट, पल्ला हिरव्या रंगाचा. रंग भावीनं निवडला. पल्ला बसवून झाल्यावर सुतारानं कडी हातात घेतली आणि विचारलं कोणत्या बाजूनं लावू. संयम तिथेच होता. तो म्हणाला आमच्या बाजूनं. त्यात त्याचं चुकीचं काही नव्हतं. आत माल असतो, पितळ असतं. कोणीही हेच सांगितलं असतं. मी मान हलवली. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "बराबर हाये, तुमच्याच बाजूनं लावा."

भंवरीबाई पलंगावर बसून जपाची माळ ओढत होत्या. "सपनाच्या बाजूनं लाव," त्या म्हणाल्या.

संयमनं वळून पाहिलं. "माँ, मंग आपल्याले इकडून बंद नाई करता येनार."

"मले बंद करायचंच नाई."

"माल हाये आत."

"अडीच वर्सं नुसता पडदा होता. गेला काय एक चमचा?" त्यांनी माळ बाजूला ठेवली. "हे पाय संयम. रातच्याले इले कधी वाटलं आपलं घर लावून झोपावं, तं तिनं लावावं. नवरा-बायको हाये, पाव्हणे येतात, लाज-लिहाज राह्यते. पन इकडून लागलेलं दार मले नाई पाह्यजे. लेकरानं धक्का देल्ला अन् उघडलं नाई, असं माह्या बाजूनं नाई होनार."

सुतार दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. मग संयमनं सुताराच्या हातातली कडी घेतली, आमच्या बाजूला आला, आणि पल्ल्यावर कडी धरून मला विचारलं, "वैनी, एवढ्या उंचीवर जमते? भावीचा हात नाई पुरायले पाह्यजे. तिनं लावून घेतलं तं घोटाळा होईन."

मी होय म्हणाले.

नगरपरिषदेचा माणूस पुढच्या आठवड्यात आला. त्यानं दोन्ही बाजूंनी फोटो काढले. मग म्हणाला, बंद करून दाखवा. भंवरीबाई आणि भावी त्या वेळी पलीकडे होत्या. मी पल्ला लोटला आणि कडी घातली.

लगेच तिकडचे आवाज लांब गेले. एवढे दिवस त्या बाजूचं सगळं आमच्यातच ऐकू यायचं, भांडी, खोकला, भावीची बडबड. आता लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांसारखं झालं, भिंतीपलीकडे कोणीतरी राहतं एवढंच. तो माणूस कागदावर लिहीत होता. लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "माल तिकडे आहे ना? मग कडी इकडून कशी?"

"त्यांनीच तशी लावून घेतली," मी सांगितलं.

त्यानं जरा वेळ दाराकडे पाहिलं. पण त्याच्या कागदात त्यासाठी जागा नव्हती. दार आहे, बंद करता येतं, एवढं त्यानं लिहिलं आणि सही घेतली. आमचा टॅक्स समोरच्यांएवढा होईल म्हणाला. भंवरीबाईंचा वाढेल, गोदामाचा दर लागेल. सासूबाई उंबऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. आपल्याले कुठं पितळ ठेवायचं होतं."

पलीकडून पल्ल्यावर थापा पडायला लागल्या. आधी हलक्या, मग भावीच्या दोन्ही हातांच्या. भंवरीबाईंचा आवाज आला, "थांब बेटा, मम्मी उघडते."

त्यांनी एवढ्या खात्रीनं ते म्हटलं की माझा हात त्यांचं वाक्य संपायच्या आत कडीवर गेला.